कुंकवाच्या अंगठ्यांच्या हरकती

माझ्या सासूबाईंइतका सरकारी पैशावर जीव असलेला माणूस मी उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. आणि ज्यांच्या हातात तो पैसा होता त्यांच्यात तर एकही नव्हता. लोकांचा जीव सोन्यात असतो, जमिनीत असतो, नातवंडांत असतो. या बाईंचा जीव नगरपालिकेच्या रॉकेलात, मुरुमात आणि कचेरीतल्या टाचण्यांत. जन्म नाचणगावच्या शेतकरी घरातला. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवून एकुलती एक मुलगी वाढवली आणि ती मला दिली. मी आमच्या गावच्या नगरपालिकेत करविभागाचा कारकून. गावाचं नाव सांगत नाही, कारण तेव्हाचे दोन-तीन मेंबर अजून हिंडतेफिरते आहेत. स्थळ पाहायला आल्या तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. ‘कचेरीत घड्याळं किती?’ असं विचारलं. चार, म्हणालो. ‘आन चालू किती?’ एक, म्हणालो. लग्न ठरलं, पण त्या तीन घड्याळांबद्दल त्यांनी मला कधी माफ केलं नाही.

आमच्याच गल्लीत, दोन घरं टाकून, त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं. चिडल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नसे, आणि चिडायला नगरपालिका रोज नवं काहीतरी पुरवी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर त्या बारीक अक्षरात तक्रारी लिहीत आणि स्वतः नेऊन देत. एकदा सकाळी नऊ वाजता शाळेजवळचा रस्त्यावरचा कंदील जळताना त्यांना दिसला. त्यांनी शेजारच्या दुकानातून स्टूल मागून घेतलं, साठीच्या वयात त्यावर चढल्या, कंदील काढला आणि तसाच पेटता हातात धरून भर बाजारातून अध्यक्षांच्या बंगल्यावर गेल्या. अध्यक्ष दाढी करत बसले होते. सासूबाईंनी कंदील त्यांच्या आरशासमोर ठेवला. ‘हा घ्या तुमचा दिवा. सूर्याले दिसत नव्हतं म्हनून लावला का?’ मी त्या दिवशी रजा टाकली.

पण कंदिलावर हसण्यासारखं तरी होतं. कमानीच्या वेळी मलाही हसू आलं नाही. नागपूरहून मंत्री येणार म्हणून स्टेशनच्या रस्त्यावर सिमेंटची कमान उभी राहिली. वर दोन हत्ती. त्यातल्या एकाची सोंड घाईत राहूनच गेली. मुरूम पडला, भिंती रंगल्या, गादीच्या बारा खुर्च्या आल्या, सोनेरी काठाच्या कपबशा आल्या. आणि मंत्री हिंगणघाटच्या बाजूने आले! मोटारीतून उतरले, सरबत प्यायले, दहा मिनिटं बोलले आणि आले तसेच गेले. कमानीखालून त्या दिवशी एक बैलगाडी गेली, कडब्याची. दोनच महिन्यांनी सभेने ठरवलं, की तिजोरीत पैसा नाही. तेव्हा घरपट्टी चार आण्यांनी वाढवावी, म्हणजे रुपयाला सव्वा रुपया, आणि प्रसूतिगृहातल्या दोन दायांपैकी एक कमी करावी. ठरावाची नक्कल मीच केली. माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. मी सुवाच्य अक्षरात ‘एक दाई कमी’ असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि घरी येऊन जेवलो.

सासूबाई दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या. अंदाजपत्रकाची नक्कल हवी म्हणाल्या. तिला आठ आणे पडतात, असं मी खालच्या मानेने सांगितलं. त्यांनी आठ आणे मोजले आणि जावयाकडून रीतसर पावती घेतली. चार दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, ‘जवाईबापू, यायले पैसा कमी नाई पडला. यायनं पयले खर्चून टाकला आन मंग पाह्यलं. कोनत्या कामाले किती, हे सालाच्या सुरुवातीले ठरवाचं असते ना? यायच्या कागदात कमानच नाई! दिवाबत्तीत दाखवली हाय थे!’ खरंच दाखवली होती. मला ते माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

करवाढीवर महिन्याच्या आत लेखी हरकती घेता येत. संक्रांतीचे दिवस होते. माझ्या बायकोने हळदीकुंकू केलं. सासूबाई विधवा, म्हणून त्या पुढे आल्या नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर कागदांचा गठ्ठा घेऊन बसल्या. एकेक बाई वाण घेऊन आत जाई, सासूबाई तिला हरकत वाचून दाखवत, समजावून सांगत आणि मग सही किंवा अंगठा. शाई लवकर संपली. तेव्हा बायकोने वाटीभर कुंकू तेलात कालवून आत पाठवलं. ज्या बाईच्या हातचं कुंकू कुणी लावून घेत नव्हतं, तिच्यासमोर त्या दिवशी गावातल्या दीडशे बायकांनी कुंकवाचे अंगठे उठवले.

गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. ‘ह्या हरकती हायेत का लग्नाच्या पत्रिका? उशिरा आल्या म्हनून लिहा अन् ठेवून द्या.’ मी ‘जी साहेब’ म्हणालो आणि गठ्ठा कपाटात टाकला. हे लिहिताना आजही मान वर होत नाही. संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई ओसरीवर बसलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘शिक्का मारला?’ मी पाणी मागितलं. त्या उठल्या, चप्पल घातली आणि गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोने ताट वाढून ठेवलं आणि आत निघून गेली. सकाळी कचेरी उघडल्याबरोबर मी गठ्ठा काढला आणि दीडशे कागदांवर आल्या दिवसाची तारीख आणि शिक्का मारला. हात दुखेपर्यंत मारला. प्रत्येक शिक्क्याला मला माझाच राग येत होता.

शिक्का बसल्यावर हरकतींची सुनावणी घेणं भागच होतं. सभागृह बायकांनी भरलं. गादीच्या खुर्च्या मेंबरांना, बायका जमिनीवर. अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, गावाची तरक्की पाह्यजे तर लोकायनं पैसा देल्ला पाह्यजे.’

सासूबाई उठल्या. आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. ‘देतो ना! काऊन नाई देनार? पन पयले देल्ला थो कुठं गेला थे सांगा. घरात पीठ कमी पडलं तर बाई शेजारनीच्या डब्यात हात घालत नाई. पयले पाह्यते, जास्त कोनं खाल्लं. तुमी हत्ती बसवले कमानीवर, आन बाळंतिनीची दाई काढून राह्यले! लाज नाई वाटत?’

मग त्यांनी लग्नपत्रिकेची पाठ वाचली. दिवसा जळणारं रॉकेल, सभेचा चहा-फराळ, मेंबरांचे नागपूरचे टांगे आणि मुक्काम, त्या बारा खुर्च्या. एवढं थांबवलं आणि खुर्च्या विकल्या तर दोन्ही दाया राहतात आणि करवाढीची गरज उरत नाही. एक मेंबर हसला. पण कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या कापूसव्यापारी मेंबरने कागद मागून घेतला, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, ‘बाईचा आकडा बरोबर हाय.’ मग कुणी हसलं नाही. त्या वर्षी करवाढ बारगळली, दाई राहिली. माझी मुलगी तिच्याच हातात जन्मली. आणि माझी बदली गावाबाहेरच्या जकात नाक्यावर झाली.

नाक्यावर पत्र्याची खोली, समोर कापसाच्या गाड्यांची रांग. पहिल्याच आठवड्यात सासूबाई दीड कोस चालत डबा घेऊन आल्या. घामाघूम झाल्या होत्या. ‘जेवून घेजा,’ म्हणाल्या, आणि पदराने कपाळ पुसलं. ‘माह्यामुळं तुमचं नुकसान झालं.’

‘नाही हो मामीजी,’ मी म्हणालो, ‘इथे हवा चांगली आहे.’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मले लोक भांडखोर म्हनतात. म्हनू द्या. पन मले राग आला का वाटते, हे गाव माह्यं हाय. ज्याचं गाव नसते त्याले कायचा राग?’

त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या आणि चारही वर्षं चिडल्या. त्यांच्या माघारी घरपट्टी दोनदा वाढली. पहिल्या वेळी मी कोणाशी काही न बोलता पैसे भरले. दुसऱ्या वेळी मात्र कचेरीच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिलो, त्या असत्या तर आता काय म्हणाल्या असत्या ते आठवून पाहिलं. सगळे शब्द आठवले. आवाज मात्र काही केल्या जमेना. मग आत गेलो, पैसे भरले आणि घरी आलो.