दुसरं बोलावणं

"सांभाळून ठेवा बाबूजी, आत सगळं गाव हाय," असं म्हणत तो पत्र्याचा गोल डबा माझ्या काउंटरवर ठेवायचा आणि वरून तळहाताने हळूच थोपटायचा, तान्ह्या पोराला निजवावं तसा. परभणी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी मोसंब्यांच्या करंड्या पाहिल्या, सरकीची पोती पाहिली, एकदा गोणपाटात शिवलेली बाजाची पेटीही पाहिली. गाव पार्सल करणारं गिऱ्हाईक मात्र हे एकच.

तो जिंतूरकडे एका शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून मी त्याला मास्तर म्हणायचो. पुण्याला चित्रकलेचा कोर्स करताना सिनेमा शिकणाऱ्या पोरांत त्याची उठबस झाली होती. बहात्तरच्या दुष्काळात येलदरी धरणाचं पाणी पार खाली गेलं आणि बुडालेलं त्याचं गाव उघडं पडलं. त्याने त्या मित्रांचा कॅमेरा मागून आणला. माणसं चिखल तुडवत गेली, आपापलं घर हुडकून उंबऱ्यावर उभी राहिली, आणि याने ती टिपली. अर्ध्या तासाचा सिनेमा, काळा-पांढरा. प्रिंट एकच, दुसरी काढायची ऐपत नव्हती.

त्याचं स्वतःचं घर मात्र वर आलं नाही. बौद्धवाडा नदीच्या अंगाला, सखल भागात होता. तिथलं पाणी हटलंच नाही.

एकदा चहा पिताना तो म्हणाला, "ज्या उंबऱ्याच्या आत आमच्या मायनं कधी पाय टाकला न्हाई, ते उंबरे म्या गुडघ्यावर बसून टिपले, बाबूजी."

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. 

त्याची हौस तरी केवढी? अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत आपला सिनेमा चालू असावा, कुणी चकार शब्द काढू नये, आणि आपण मागे भिंतीला टेकून त्यांचे चेहरे बघावेत. बस्स. बक्षीसबिक्षीस त्याच्या डोक्यातही नव्हतं. पण अशी खोली मिळायची तर सिनेमा महोत्सवात घेतला गेला पाहिजे. म्हणून डबा हैदराबादला गेला आणि परत आला. कलकत्त्याला गेला आणि परत आला. मास्तर इथेच काउंटरवर डबा उघडायचा. रिळाला त्याने दोरा बांधलेला असे. गाठ आपलीच दिसली की समजायचं, कुणी लावूनही पाहिला नाही. तो झाकण बसवायचा आणि जिंतूरच्या एसटीकडे चालू लागायचा. त्याची ती पाठमोरी चाल बघवत नसे.

आणि मग दिल्लीने सिनेमा घेतला. पेढे मीच आणले, ऑफिसभर वाटले. आमच्या हेडक्लार्कने पेढा तोंडात टाकून विचारलं की हिरॉईन कोण आहे. मास्तर म्हणाला, एक लय म्हातारी हाय, दात न्हाईत तिला.

दिल्लीला तो एकटाच गेला. स्वतः रंगवलेली चार पोस्टरं आणि खळीसाठी घरची कणीक बरोबर. पोस्टर एका हॉटेलच्या खांबाला चिकटवलं, ते दुपारच्या आत कुणीतरी खरवडून काढलं. त्याच्या सिनेमाला बाजूचा छोटा हॉल आणि सकाळची वेळ मिळाली होती. त्याच वेळी मोठ्या हॉलात परदेशी सिनेमा. मग याने आपल्याकडची रीत लावली. ज्या हॉटेलात पाहुणे उतरले होते तिथे आदल्या दिवशी दारोदार गेला आणि प्रत्येकाला हात जोडून आवतन दिलं. मोडक्या हिंदीत का होईना, समोर उभं राहून दिलं. त्याच्या वाड्याला गावजेवणाचं आवतन दारावर कधी आलं नव्हतं, लांबून हाळी यायची. तेव्हा आवतन दारात जाऊनच द्यायचं, हा त्याचा हट्ट होता.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच. आवतन मिळालं म्हणून कुणी लगेच उठून जात नाही. स्वयंपाक झाला की यजमानाकडून दुसरं बोलावणं येतं, "चला, पानं मांडली," आणि मग माणूस पायात चपला घालतो. त्याआधी गेला तर हावरट ठरतो.

सकाळी हॉल रिकामा पाहून मास्तरला वाटलं, सगळे बोलावण्याची वाट बघत बसले असतील. तो ऑपरेटरला "येतोच" म्हणून हॉटेलकडे पळाला. जिन्याने वर-खाली करत दारं ठोठावत राहिला. बरीच दारं उघडलीच नाहीत. इकडे ऑपरेटरने ठरल्या वेळी सिनेमा सुरू केला. मास्तर घामेघूम होऊन परतला तेव्हा सिनेमा संपून दिवे लागले होते आणि खुर्च्या रिकाम्या होत्या.

ऑपरेटर म्हणाला, चार-पाच जण आले होते. अगदी गप बसून पाहिला. एक म्हातारी बाई तर संपल्यावरही बराच वेळ बसून होती.

उरलेला महोत्सव मास्तर प्रत्येक हॉलच्या दारात उभा राहून त्या बाईला शोधत होता. मला म्हणाला, "पर वळखू कशी, बाबूजी? अन् सापडली तरी इच्यारू काय?"

मला आधी हसू आलं. मग मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

पुढे त्याने गावातच खेळ ठेवला. धरणाच्या वर वसलेल्या नव्या गावात शाळेची खोली होती, खिडक्यांना वाकळा लावल्या. प्रसिद्धी खात्याच्या जीपमधून मशीन आणि ऑपरेटर आले. मलाही आवतन होतं. इथे दुसरं बोलावणं बरोबर लागू पडलं, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पण पडद्यावर पहिला उंबरा आला आणि जो कालवा उठला तो शेवटपर्यंत. अरे ते आपलं घर, न्हाई ते रामाचं, ती बघ आत्या. पाटलांच्या घरातले एक म्हातारे आबा होते, ते उठून पडद्याजवळ गेले आणि आपली चौकट हाताने दाखवू लागले. अर्ध्या लोकांना त्यांच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही. खेळ संपला तसे सगळे जुन्या गावाच्या गप्पा मारत पांगले. मास्तर एकटाच रीळ गुंडाळत बसला.

मला म्हणाला, "त्याह्यनी गाव पाह्यलं. सिनेमा कुणीच न्हाई पाह्यला."

मी पाहिला होता. चांगला होता, फार चांगला. तसं मी त्याला सांगितलंही. पण मी एकटाच, आणि त्यातही ओळखीचा.

त्याने डबा पुन्हा एका महोत्सवाला पाठवला. डबा बाहेर असतानाच मास्तरला कावीळ झाली आणि त्यातच तो गेला. धड चाळिशीही झाली नव्हती. डबा आला तेव्हा तो न्यायला कुणी नव्हतं.

काही दिवसांनी त्याची माय आली, सोबत तेच आबा. भिंतीवर लावायला पोराचा एकही फोटो घरात नव्हता. आबा म्हणाले, शिनेमात असंल, त्यातून एक काढून घेता येतो म्हणतात. मी डबा घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. तो सिनेमात नाही, हे मला माहीत होतं. कॅमेरा त्याच्याच हातात होता, आणि त्याचा उंबरा पाण्याखाली. मायला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पुन्हा तीच खोली, त्याच वाकळा, तीच जीप आणि तोच ऑपरेटर. माय पुढे बसली. आबांनी आपल्याजवळची सतरंजी तिच्याकडे सरकवली. सिनेमा सुरू झाला आणि कुणी बोललं नाही. आबांची चौकट आली, गेली. म्हातारी आत्या आली. प्रत्येक माणसाच्या मागे, प्रत्येक भिंतीच्या कडेला सगळ्यांची नजर मास्तरला हुडकत फिरत होती. मी मागच्या भिंतीला टेकून ते चेहरे बघत होतो. अर्धा तास कुणी साधं खाकरलंही नाही.

दिवा लागला. कुणी उठलं नाही. मायने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं.

आबा ऑपरेटरला म्हणाले, "पुन्ना लाव, बाबा. आपल्याच नजरंतून सुटला असंल."

ऑपरेटरने रीळ परत गुंडाळलं आणि दिवा मालवला.