आम्ही नऊ बाया वाशीमची राजधानी पाहून आलो

सकाळचे बरोबर सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. केनवडच्या फाट्यावर जीप थांबली, आमच्या बचत गटाच्या नऊ बाया आत कोंबल्या गेल्या आणि तिथूनच हे सारे किस्से सुरू झाले. किस्से म्हणजे तुरीच्या शेंगा. एक सोलली की हात थांबत नाही. आता गटाच्या बैठकीला सह्या होतात पाच मिनिटांत, आणि बोलणं मात्र त्या एका दिवसाचंच चालतं. मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून लिहून ठेवायचं काम माझ्यावर आलं.

तर झालं असं. आमच्या गटातल्या गोदामावशीचे दीर रिटायर गुरुजी आहेत. ते एकदा बैठकीत म्हणाले, "बायांनो, आपलं वाशीम राजधानी होती. वाकाटक राजांची. दीड हजार वर्षांमागं. तवा नाव होतं वत्सगुल्म."

मग सुनंदा, माझी शेजारीण, म्हणाली, "गुरुजी, माहा लग्नाचा शालू वाशीमचा. माही दाढ काढली वाशीमले. दाखल्यासाठी धा चकरा मारल्या. पन राजधानी हाय, हे कोनीच नाई सांगतलं!"

झालं! प्लॅन ठरला, वाट दाखवायला गुरुजीही सोबत.

टेन्शन एकट्या मला. माझी परी तीन वर्षांची. ती चालत नाही, पळतेच. निघताना सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोट्टीले नेऊन राह्यली त ने. पन घेऊनच येजो!"

बस, ते वाक्य दिवसभर माझ्या छातीत बसून राहिलं.

*

वाशीमला उतरल्याबरोबर मी परीच्या फ्रॉकच्या नाडीला माझा पदर बांधला. पक्की गाठ. तरी धीर नाही. दर दहा पावलांवर मी मागं वळून हाक मारायची, "परीऽ!" ती माझ्या मागंच असायची, पण हाक निघूनच जायची.

बालाजीच्या देवळापाशी पोचेस्तोवर साऱ्या रस्त्याला तिचं नाव पाठ झालं. एक केळीवाला आपल्या गाडीवरून ओरडला, "परी, बाई, एकदा 'ओ' दे वं मायले! माहं गिऱ्हाईक दचकून राह्यलं!"

*

देवळातून बाहेर आल्यावर गोदामावशीनं दिराला विचारलं, "भाऊजी, राजाचा वाडा कुठी हाय?"

गुरुजी म्हणाले, "वाडा कुठला आता? पडला, गाडल्या गेला. आपल्या पायाखालीच असन कुठंतरी."

मावशीनं लगेच चपला काढल्या आणि पिशवीत टाकल्या. म्हणे, "खाली राजाचं घर हाय. कोनाच्या घरात चपला घालून फिरते काय कोनी?"

कितीही समजावलं, ऐकेल तर शपथ! दुपारी डांबरी रस्ता असा तापला, की मावशी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. सुनंदा म्हणाली, "मावशे, घाल व चपला!"

मावशी म्हणते, "थांब बाई! आता राजाच्या सैपाकघरावर आलो वाटते!"

*

मग मध्यमेश्वराचं देऊळ. गुरुजींनी सांगितलं, जुन्या लोकांची समजूत होती की पृथ्वीची मधली रेघ इथूनच जाते. सगळ्या खाली पाहायला लागल्या. रेघ काही दिसेना.

सुनंदानं अंदाजानं एक पाय इकडं ठेवला, एक तिकडं, आणि डोळे मिटून उभी राहिली. कितीतरी वेळ.

"चाल न व!" आम्ही म्हणालो.

"इकडं सासर, तिकडं माहेर," ती म्हणाली. "मधात कोनाचंच नाई. उभी राहू द्या मले जराशी!"

*

शांताबाई आमच्या गटाची अध्यक्ष. बुद्धवाड्यातली, कमी बोलणारी. गुरुजी सांगत होते, की इथल्याच राजाच्या प्रधानानं तिकडं अजिंठ्याला लेणं कोरवून घेतलं. शांताबाई चालता चालता थांबली.

"म्हंजे बुद्धाचं लेणं आपल्या वाशीमवाल्यानं केलं?"

"हो. त्यानंच."

ती म्हणाली, "चार वर्सांमागं मी अजिंठ्याले गेली होती. तिथी लय रडू आलं. आमचे हे म्हने, काहून रडून राह्यली? मले सांगताच नाई आलं." पदरानं नाक पुसून हसली. "आज समजलं. गावाकडलंच मानूस भेटलं होतं नं, बाप्पा!"

*

शेवटी पद्मतीर्थ. ऊन कलतं झालं होतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. समोर पाणी, पाण्यात देऊळ, आणि देवळाच्या खाली उलटं देऊळ. गुरुजी म्हणाले, "डोळे मिटा. आज जे दिसते ते विसरा."

नऊ बायांनी डोळे मिटले. खरं सांगते, मला दिसलं. पाण्याकाठी हत्ती उभे होते. ओळीनं दिवे होते. पायरीवर एक राणी बसली होती, अंगभर सोनं, पण बसली होती अगदी माझ्यासारखीच, अर्धी उठलेली. मी विचारलं, "तुमचंही लेकरू पाण्याकडं पळते काय हो?" ती म्हणाली, "साऱ्या राज्याले झोप लागते, मले नाई लागत."

मला इतकं बरं वाटलं, की मी हसले. आणि डोळे उघडले.

पदराला गाठ होती. गाठीत नाडी होती. परी नव्हती.

पुढचं मला नीट आठवत नाही. सुनंदा पाण्याकडं धावली. माझ्यानं पाण्याकडं पाहवेना. मावशी अनवाणीच रस्त्याला लागली. मला आवाज फुटेना. दिवसभर हाका मारल्या, आणि नेमका आताच गळा बंद!

रस्त्याच्या वळणावर एक हारवाली बसते. तिच्या शेजारी, उलट्या टोपल्यावर, परी. पेरू खात.

मी तिला असं काही धरलं, की पेरू तिकडं आणि आम्ही इकडं! हारवाली म्हणाली, "तुमीच काय ते? अवं, एक काकू तुमाले शोधाले गेली नं!"

"मले?"

"त काय! पोट्टी रडे ना फडे. सांगे, माही आई हरपली. तिले शोधून द्या. ती लय भेते, एकटी नाई राहत. ती रडन." हारवालीला हसू आवरेना. "त्या काकूले लय कीव आली. पोट्टीले माह्यापाशी बसवलं, पेरू देल्ला, आन् गेली तुमाले पाहाले. हिरवं लुगडं, हातात वायरची पिशवी."

आम्ही पाऊण तास थांबलो. काकू आली नाही. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, शेवटी निघावंच लागलं. भाकरी थापताना मला अजून वाटतं, त्या जुन्या राजधानीच्या गल्ल्यांमधून ती "परीची आईऽ, परीची आईऽ" अशा हाका मारत फिरतेच आहे.

म्हणून वाशीमला कोणी जाणार असाल, तर एवढं करा. हिरव्या लुगड्यातली, वायरच्या पिशवीवाली काकू दिसली, की तिला सांगा. तुम्हाला नाही दिसली, तर दुसऱ्या कोणाला सांगून ठेवा. म्हणा, परीची आई सापडली.