दुसऱ्याच्या गाडीतला माणिक

माणिक इंगळे आयुष्यात एकदाच दुसऱ्याच्या मोटारीत पाहुणा म्हणून बसला, आणि तो एक दिवस त्याला जन्मभर पुरला.

एरवी त्याची जागा ठरलेली होती. उज्जैनला माधवनगरात आजगावकर वकिलांची काळी फोर्ड होती आणि तिच्या स्टिअरिंगमागे माणिक. त्याचे आजोबा शिंदे सरकारच्या पागेत घोड्यांना खरारा करायचे, बापानेही तेच केलं. माणिकने मात्र छत्तीस साली घोड्यांकडे पाठ फिरवली आणि मोटार शिकला. त्याच्या लायसनवर ग्वाल्हेर संस्थानचा शिक्का होता. पुढे स्वराज्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत झाला, तोही आठ वर्षांत गुंडाळला आणि छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यप्रदेश आला. राज्यं तीन बदलली, पण माणिकची सीट काही बदलली नाही. फ्रीगंज बाजारातले टॅक्सीवाले त्याला ‘दीवानजी’ म्हणून चिडवायचे आणि हा पठ्ठ्या ते खुशाल मान म्हणून घ्यायचा.

गाडीत बोलायचं नाही, हा त्याचा नेम. विचारलं तर ड्रायव्हरने उत्तर द्यावं, नाहीतर रस्ता बघावा. वकीलसाहेब वारल्यापासून मागच्या सीटवर डाव्या बाजूला एकट्या माई बसत. वीस वर्षं तो त्यांना आरशात बघत आला होता. पदर कानावर ओढला म्हणजे डोकं दुखतंय, ओठ हलताहेत म्हणजे जप चाललाय, हे त्याला न सांगता कळे. माईंना आपल्याइतकं कोणी ओळखत नाही अशी त्याची पक्की समजूत होती. बायकोपुढे तो हे बोलूनही दाखवी, आणि ती नाक मुरडून पोळ्या लाटत राही.

नवं राज्य झालं तसा माईंच्या मुलाला, अरविंदला, भोपाळच्या सेक्रेटरिएटमध्ये हजर व्हायचा हुकूम आला. तिथे सरकारी जीप, सरकारी ड्रायव्हर. जेवताना अरविंद म्हणाला, “माई, फोर्ड आता विकून टाकू. माणिकलाही कुठेतरी लावून देऊ.” माणिक बाहेर ओट्यावर बसून ऐकत होता. माई म्हणाल्या, “कोकणातून आल्यावर सांगते.”

हे कोकण मध्येच उपटलं होतं. आजगावकरांचं मूळ गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. सहा पिढ्यांपूर्वी त्यांचा कोणी पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून म्हणून इकडे आला आणि माळव्याचाच होऊन गेला. कुळदैवताच्या नावाने घरात सुपारी पुजायची, एवढंच कोकण उरलं होतं. भोपाळला जायच्या आधी एकदा तो देव बघायचा, असं माईंनी मनात घेतलं. जुनी फोर्ड एवढी दूर नेणं शक्य नव्हतं. आगगाडीने बेळगाव, तिथून एस.टी., आणि वेंगुर्ल्याला एक दिवस भाड्याची मोटार, ड्रायव्हरसकट.

“मग मी कशाला, माई?” माणिकने विचारलं.

“सामान कोण उचलणार?” माई म्हणाल्या.

ड्रायव्हरसकट, हा शब्द माणिकला बेळगावपर्यंत टोचत राहिला.

तो ड्रायव्हर म्हणजे जयू. माणिकच्याच वयाचा, काळा, दात पुढे आलेले, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्याला पंचा. गाडी कापडी टपाची शेवरोलेट, तीही त्याची स्वतःचीच. माणिकने गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली लाल धूळ जयूला दिसेल अशी झटकली. जयू हसला. मग त्याने डिकीतून एक ठेंगणं लाकडी स्टूल काढलं आणि दाराखाली ठेवलं. माईंचा उजवा गुडघा धड नव्हता. वीस वर्षं त्या दाराची कड धरून, दात आवळून फोर्डमध्ये चढत, आणि माणिक दार उघडून अदबीने उभा राही. आता त्या स्टुलावर पाय ठेवून अल्लद आत गेल्या.

“अगोबाई! किती सोपं झालं,” त्या म्हणाल्या.

माणिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग जयूचाही होता आणि स्वतःचाही. एवढीशी फळी, ती आपल्याला का सुचली नाही?

तो पुढे, जयूच्या शेजारी बसला. रस्ता लाल मातीचा, वळणावळणाचा. प्रत्येक वळणाला माणिकचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई आणि तिथे ब्रेक नसे. आरसा जयूच्या बाजूला कललेला, त्यामुळे मागे माई कशा बसल्यात हेही दिसेना. आणि जयूचं तोंड सुटलेलं. ही अमक्याची बाग, हे तमक्याचं तारू, इथे वाघ आला होता, तिथे नवरी मुलगी वऱ्हाडातून परत माहेरी पळाली होती. माणिक वाट बघत होता, माई आता याला गप्प करतील. माई विचारत होत्या, “मग? सापडली का ती?”

“गावली म्हणजे? आज माझी शेजारीण आसा ती!” जयू म्हणाला, आणि माई खळखळून हसल्या.

हे हसणं माणिकने फोर्डमध्ये कधी ऐकलं नव्हतं. आपण वीस वर्षं जे इमानाने पाळलं, ते यांना नकोच होतं की काय?

मूळ गावचं देऊळ झालं. माईंनी नारळ ठेवला, ओटी भरली. परतताना जयू म्हणाला, “बाई, आता तुमका दर्यावरच्या रस्त्यान नेतंय.” गाडी एक घाटी चढली आणि माथ्यावर आली तोच खाली सगळा समुद्र पसरलेला दिसला. रस्ता त्याच्या कडेकडेने लांबवर गेला होता. जयूने गाडी थांबवली आणि आज पहिल्यांदा तो काही बोलला नाही.

मागून माईंचा आवाज आला. “माझ्या उषेला बघायचा होता हो.”

उषा म्हणजे माईंची मुलगी. आठ वर्षांची असताना विषमज्वराने गेली, त्याला सोळा वर्षं झाली होती. तिला शाळेत नेणारा माणिक, आणि त्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात नेणाराही तोच. त्यानंतर फोर्डमध्ये ते नाव कधी निघालं नव्हतं. दवाखान्यावरून जाताना माई डोळे मिटून घेत आणि माणिक गाडी जरा जोरात घेई, बस.

आणि आता त्या या अर्ध्या चड्डीवाल्याला सांगत होत्या. उषा कशी बोबडी होती, नकाशाच्या वहीत समुद्राला निळा रंग लावायला बसली की बोटं कशी निळी व्हायची. “विचारायची, या निळ्याच्या कडेकडेने मोटार जाते का म्हणून.”

“जाता तर! ही काय, इली!” जयू हळूच म्हणाला.

तो प्रश्न उषाने माईंना विचारला असेलही, पण आधी तो माणिकला विचारला होता. मागच्या सीटवर उभी राहून, त्याच्या खांद्यावर निळी बोटं टेकवून. आणि त्याने सांगितलं होतं, “जाते ना, बेबी. मोठी झालीस की मी नेतो.” त्या सदऱ्याचा डाग त्याने बायकोला धुऊ दिला नव्हता. ते सगळं उत्तर आज जयूने एका शब्दात देऊन टाकलं, आणि माईंनी ते घेतलं. माणिकने काचेबाहेर तोंड केलं. एखाद्याचा इतका हेवा वाटू शकतो हे त्याला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

दुपारी एका किनाऱ्यावर थांबले. जयूने गाडी वर, सुरूच्या झाडांत लावली आणि शहाळी आणायला वाडीत गेला. माई पाण्याकडे बघत होत्या. पाणी लांब होतं आणि मधली वाळू त्या गुडघ्याला झेपणारी नव्हती.

माणिकला आपली संधी दिसली. शिप्रेवर तो हेच करायचा. भैरवगढजवळ जिथे छापकाम करणारे छिपे आपलं कापड धुतात, तिथे पात्रात उतार आहे. कार्तिकात तो फोर्ड थेट पाण्याच्या कडेला नेई आणि माई गाडीतूनच पाय धुवत. जयूने चावी गाडीलाच ठेवली होती.

“माई, बसा. तुम्हाला पाण्यापर्यंत नेतो.”

“अरे, पण त्याची गाडी...”

“बिलकुल फिकीर नका करू. जमीन पक्की आहे, पहिया धसणार नाही.”

ओली वाळू खरंच फरशीसारखी होती. त्याने गाडी अगदी लाटेच्या काठाला उभी केली. माई फूटबोर्डावर बसल्या, पाय फेसात सोडले आणि लहान मुलीसारख्या “आई गं!” म्हणाल्या. मग मान वळवून म्हणाल्या, “माणिक, छान केलंस.”

ते तीन शब्द घेऊन माणिक राजासारखा बसला. येऊ दे त्या जयूला, बघू दे. पाणी जरा जवळ आल्यासारखं वाटलं तेव्हा त्याने आभाळाकडे बघितलं. लख्ख ऊन. माळव्यातल्या माणसाला माहीत असतं की पाणी वाढतं ते वर कुठे पाऊस झाला तर. पाऊस नाही, मग पाणी कुठून वाढणार?

पाणी फूटबोर्डाला लागलं तेव्हा माई आत सरकून बसल्या. “उतरू का रे मी?”

“नाही नाही, बसा माई. आत्ता मागे घेतो.”

त्याने गिअर टाकला. चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली गेली. पुन्हा जोर दिला, आणखी खाली गेली. लाट आली ती दारातून आत शिरली. माणिक स्टिअरिंगला चिकटून बसला होता. त्याच्या डोक्यात एकच, गाडी काढायची, तो यायच्या आत काढायची.

“अवो पाव्हणे! भरती लागली, दिसणा नाय तुमका?” जयू ओरडत धावत आला. माणिकने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. “गाडी मरांदे! आधी बाईंका भायर काढा!”

काढलं त्यानेच. मागचं दार ओढून उघडलं, माईंना दोन्ही हातांवर उचललं आणि कमरेइतक्या पाण्यातून वर नेलं. माणिकला ते आरशात दिसलं. माईंनी जयूच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती, आणि वीस वर्षांचा त्यांचा ड्रायव्हर मेलेल्या इंजिनामागे बसून होता.

रापणीचं मोठं जाळं ओढणारी माणसं आली, दोर लावले, गाडी निघाली. माणिक मान खाली घालून उभा राहिला. जयूने एक शहाळं फोडून त्याच्या हातात दिलं. “तुमच्या गावाक दर्या नाय, तुमका काय म्हायत? गोड्या पाण्यान धुयलंय की झाला.” त्याने निदान शिवी तरी घालायची होती. माणिकने ते शहाळं तसंच वाळूत ठेवून दिलं.

उज्जैनला परतल्यावर त्याने पहिलं काम केलं ते सुताराकडून स्टूल करून घेण्याचं. दुसऱ्या दिवशी माई शिप्रेवर जायला निघाल्या तेव्हा दाराखाली ते मांडलं. माई त्यावर पाय ठेवून आत बसल्या. गाडी निघाली आणि माणिकने बोलायला सुरुवात केली. “माई, हे बघा, फ्रीगंजात नवी दुकानं... या घड्याळवाल्याचा भाऊ आहे ना, तो...”

“माणिक, तबियत ठीक आहे ना तुझी?” माई म्हणाल्या.

भैरवगढला पोहोचल्यावर त्याने गाडी उतारावर नेलीच नाही. वर रस्त्यालाच, छिप्यांनी वाळत घातलेल्या कापडांपलीकडे उभी केली.

“एवढ्या लांब?”

“पाणी, माई...”

“अरे, शिप्रेला भरती येते का?” माई हसल्या. तसंच, जयूच्या गाडीतल्यासारखं. त्या हसण्याने माणिकचा बांध फुटला.

“बीस साल झाली, माई. एवढं कधी बोलला नाहीत माझ्याशी. बेबीचं नाव त्याला सांगितलंत. तो कोण होता तिचा?”

बोलून गेल्यावर तो स्वतःच घाबरला. आरशात माईंचा चेहरा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

“कोणीच नव्हता. म्हणून तर बोलता आलं,” त्या म्हणाल्या. “तो पुन्हा दिसणार नव्हता रे. तुझ्यापाशी बोलले असते तर दुसऱ्या दिवशी या आरशात तुझे डोळे बघावे लागले असते. रोजच. तूच नेलंस ना तिला त्या दिवशी.”

माणिकने आरशातून नजर काढून घेतली.

“आणि सामान उचलायला हमाल मिळतात वेंगुर्ल्याला,” माई पुढे म्हणाल्या. “निळ्याच्या कडेने नेतो म्हणून तिला कबूल कोणी केलं होतं? ती मला सगळं सांगायची. म्हणून तुला घेऊन गेले.”

घाटावर कोणीतरी कापड आपटत होतं.

“अरविंदला सांगितलंय मी,” माई म्हणाल्या. “फोर्ड भोपाळला यायची, आणि तूही. नवा माणूस बडबड्या निघाला म्हणजे? चल, घे आता गाडी खाली.”

माणिकने गाडी खाली घेतली, पाण्यापासून दहा पावलांवर थांबवली आणि स्टूल मांडलं. माई पाय धुऊन आल्या, बसल्या, आणि माधवनगर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्याला हवं ते सगळं मिळालं होतं. सीट राहिली होती, माई राहिल्या होत्या, त्या वेंगुर्ल्याच्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं. तरीही त्याला जयूचा हेवा वाटत होता, आधीपेक्षा जास्त. आरशात माईंचे ओठ हलत होते. तो जप आहे असं तो इतकी वर्षं समजत आला होता; त्यात बेबीचं नावही असेल हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. आता त्याला वाटलं, एका दिवसापुरतं तरी आपण यांना पुन्हा कधी न दिसणारा माणूस व्हायला हवं होतं.