चिंचेतला बाळकृष्ण

त्या घरात बयनाबाईचं म्हणावं असं एकच काम होतं, देव घासायचं. बाकी सारं धाकट्या जावेच्या, भागाबाईच्या हातात. बयनाबाई विधवा, पोटी लेकरू नाही, लग्नकार्यात पुढे यायची सोय नाही. पण सासू मरताना सांगून गेली होती, देव बयनाच्याच हातचे उजळतात, ते काम तिच्याकडेच राहू द्या. मेलेल्या सासूचा शब्द मोडायची छाती भागाबाईलाही नव्हती.

आणि देव तरी कसा! मुठीएवढा पितळेचा रांगता बाळकृष्ण, हातात लोण्याचा गोळा, मान वर करून बघणारा. पिढ्यान्‌पिढ्या घासून नाक जरा झिजलेलं, पण हसू शाबूत. बयनाबाई चिंचेचा कोळ बोटानं लावायची, काडीला फडकं गुंडाळून कानामागचा काळपटपणा काढायची आणि लगेच धुऊन कोरडा करायची. भागाबाईनं एकदा त्याला विटेच्या भुकटीनं घासायला घेतलं, तर लेकराच्या तोंडावर कोणी वाळू चोळते का म्हणून बयनाबाईनं तिला झापलं होतं. एवढाच काय तो तिचा तोरा. मिरवू द्यावा की बिचारीला!

रझाकारांच्या धामधुमीत गावं उठू लागली. त्यांच्या जैनथकडची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात सोयऱ्यांकडे निघाली. दीर उत्तमराव म्हणाला, देव संगं घेऊ. बयनाबाई अडून बसली. वाटेत गाठोडी हिसकून घेतात, देव गेला तर? जमिनीत पुरावा, तर ओलीनं काळा पडेल. मग तिची नजर गेली मीठ लावून दाबलेल्या चिंचेच्या मडक्यावर. चिंच कोण चोरतो?

"चिंचेत पितळ कदी काळं पडलं काय, भाऊजी?" ती म्हणाली.

जन्मभर चिंचेनं देव उजळणारी बाई सांगते म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तिनं देव चिंचेत खोल दाबला, वरून फडकं बांधलं आणि निघाली.

पुढे पलटण आली, निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. घर पार धुऊन नेलेलं, मडकं मात्र कोपऱ्यात जसंच्या तसं. बयनाबाईनं हर्षानं हात घातला. निघाला तो तांबडा, खडबडीत. नाक नाही, ओठ नाहीत, हसू नाही. घटकाभर लावली तर उजळणारी चिंच, मिठासकट महिनोन्‌महिने बसली तर पितळ खाते. हे तिला कुठून ठाऊक? इतका वेळ कुणी ठेवलीच नव्हती. ती तिथंच बसून फडक्यानं ते तोंड पुसत राहिली.

खंडित देव पूजेत चालत नाही. भटजींनी विसर्जन सांगितलं.

"नवऱ्याले खाल्लं, आता देवालेबी खाल्लं," भागाबाई चारचौघांत बोलली.

उत्तमराव गप्प. माणूस वाईट नव्हता, पण ऐन वेळी तोंड न उघडणाऱ्याचा चांगुलपणा काय चाटायचा? बयनाबाईनंच देव पैनगंगेत सोडला. त्यानंतर तिला देव्हाऱ्याकडे कुणी फिरकू दिलं नाही. समईसुद्धा घासू दिली नाही. वर्षांमागून वर्षं ती शेणगोठा करत राहिली, आणि भागाबाईचं ते बोलणं येता-जाता कानावर पडत राहिलं.

मग राज्यांची नव्यानं मांडणी झाली. किनवट मुंबई राज्यात गेलं, जैनथ आंध्रात राहिलं. भागाबाईचं माहेर किनवटचं, ते परमुलखात गेलं म्हणून ती खूप रडली. तिच्या भावांना भेटून येताना उत्तमरावानं किनवटहून नवा बाळकृष्ण आणला. स्थापनेच्या सकाळी सगळ्यांदेखत तो गोठ्याशी आला आणि त्यानं देव बयनाबाईपुढे धरला.

"वयनी, पयलं न्हाणं तुमीच घाला. तवा मी बोलाले पायजे होतं."

भागाबाईनंही या वेळी मान खाली घातली.

बयनाबाई बघत राहिली. नवंकोरं पितळ, कोवळं हसू. तिचा जीव केवढा ओढला असेल! पण इतकी वर्षं जे ऐकलं, ते तिला खरंच वाटू लागलं होतं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माह्या हातानं नको, भाऊजी," ती म्हणाली. "ह्याले तरी जगू द्या."