मागे न जाणारी गाडी

माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी सौदा मी एका सोफ्यासाठी केला आणि त्यापायी सहा वर्षं माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलला नाही.

सोफा त्याचाच होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिकडे कॅनडात प्राध्यापक. मी इकडे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला, बॅगांचा दुकानदार. त्यानं नवं घर घेतलं आणि सोफा घ्यायला मला बरोबर नेलं. (मला नेल्यावर मी गप्प बसेन असं त्याला वाटलं असेल, तर चूक त्याची!) चाळीस मिनिटं घासाघीस करून मी दुकानदाराला घाम फोडला, भाव निम्म्यावर आणला. आणि दादानं काय करावं? दुकानदाराला ‘सॉरी’ म्हणून पाटीवरची पूर्ण किंमत दिली!

“भित्रा आहेस तू! पगारी माणूस!” मी भर दुकानात ओरडलो.

“सुध्या, शब्द मागे घे.”

“माझ्या दुकानात पाटी आहे, वाचली नाहीस? विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शब्दालाही तोच नियम!”

त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. बरोबर मीच होतो, हे मी आजही सांगतो. पण आपण बरोबर आहोत हे ऐकवायला समोर माणूस लागतो, आणि तो माणूस सरहद्दीवरच्या नदीपलीकडे जाऊन बसला होता.

आम्ही दोघं अमेरिकेत आलो तेव्हा दोघांत मिळून ओव्हरकोट एकच होता. ज्याला बाहेर जायचं त्यानं तो घालायचा. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे कोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा. पुढे माझ्याकडे तीन कोट झाले. तरी अजून, थंडीत कोट अंगात चढवला की मला क्षणभर वाटतं, कोट माझ्याकडे आहे म्हणजे दादा घरातच असणार.

मग एके दिवशी माझ्या बायकोच्या, नलूच्या नावानं दादाचं पत्र आलं. ऑक्टोबरात तो कायमचा साताऱ्याला परत चालला होता. ‘त्याआधी एकदा सगळे जेवायला या.’

“जायचंच,” नलू म्हणाली.

“मला वेळ नाही. पण तिकडे गाडीसकट नदी ओलांडणारी बोट आहे म्हणतात. दहा मिनिटांत दुसरा देश! तेवढी बोट बघायला येईन.”

“बोट बघायला?”

“बोट बघायला.”

“मग दुकानातल्या चार मोठ्या बॅगा कशाला बाजूला काढल्यात?”

“रिकामी गाडी हायवेवर हलते!”

(त्या माझ्या दुकानातल्या सर्वांत चांगल्या बॅगा होत्या. चाकांच्या. भाऊ कायमचा निघून जाणार, आणि त्याला जायला बॅगा मीच देणार! धंदा कुठला करावा, याचा माणसानं आधी विचार करावा.)

तयारीला मी लागलो तो नेटानं. बोटीच्या ऑफिसात फोन लावला. एक म्हातारा बोलत होता.

“पहिली बोट नऊला,” तो म्हणाला.

“सव्वानऊ करा.”

“सर, बोट नऊला सुटते.”

“बरं, तुमचं नको, माझं नको. नऊ दहा!”

म्हाताऱ्यानं वेळेचा विषयच सोडला. मग त्यानं गाडीची लांबी विचारली; भाडं लांबीवर. मी सोळा फूट सांगितली. नलूनं मागून “अठरा!” म्हणून ओरडून माझा सौदा मोडला. शेवटी म्हातारा म्हणाला, “अँड यू बॅक ऑन, सर.”

“संडे,” मी म्हणालो. तुम्ही परत कधी, असं तो विचारतोय असं मला वाटलं.

तो पुन्हा म्हणाला, “यू बॅक ऑन.”

“सांगितलं ना, संडे!”

त्यानं फोन ठेवला. मी नलूला म्हणालो, “बहिरा आहे बिचारा.”

आम्ही नदीकाठी पोचलो तेव्हा रांगेत पहिली गाडी आमची. मी छाती काढून स्टिअरिंगवर बसलो. बोट आली. फोनवरचाच म्हातारा झेंडा घेऊन उतरला आणि त्यानं गाडी उलटी फिरवायची खूण केली. बोटीचं दार एकाच बाजूला. गाडी चढवायची ती उलटी, मागे मागे नेत. म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. ‘बॅक ऑन’ ते हेच!

आता एक कबुली देतो. मला गाडी मागे घेता येत नाही. पार्किंगमध्ये मी नेहमी अशी जागा शोधतो, जिथून पुढूनच निघता येईल. त्यात मागच्या काचेला त्या चार बॅगा टेकलेल्या, दिसत काहीच नव्हतं.

“अहो, मागे घ्या!” नलू ओरडली.

“घेतोय!”

“डॅड, दॅट्स द रिव्हर!” आमची अकरा वर्षांची मीना किंचाळली.

पहिल्या खेपेला गाडी कठड्याकडे गेली, दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्याकडे. तिसऱ्या खेपेला म्हाताराच झेंडा टाकून बोटीत चढला.

मी काच खाली करून तोड काढली. “मी सरळ चढतो!”

“मग तिकडे उलटं उतरावं लागेल,” म्हातारा बोटीतून म्हणाला.

“तिकडचं तिकडे बघू!”

मागच्या आठ गाड्या एकामागून एक, लोणी कापल्यासारख्या, उलट्या चढल्या. त्यातली एक तर सत्तरीची आजी चालवत होती. जाताना ती माझ्याकडे बघून गोड हसली. (तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.) बोट भरली, भोंगा वाजला, आणि कॅनडा आमच्याशिवाय निघून गेला.

“पुलावरून जाऊ. तासाभराचा वळसा,” मी म्हणालो.

नलूनं किल्ली काढून पर्समध्ये टाकली. “भाऊजींना मी बोट कळवलीय, ते पलीकडे धक्क्यावर उभे असतील. इथून हलायचं नाही.”

तासाभरानं बोट परत आली. गाड्या उतरल्या, आणि त्यांच्यामागून एक उंच माणूस चालत आला. केस पांढरे झालेले. चाल तीच.

इकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, “अमेरिकेत किती वेळ राहणार?”

“ती गाडी बोटीत चढेपर्यंत,” दादा म्हणाला.

नंतर कळलं, पलीकडे म्हातारा सगळ्यांना सांगत होता की त्या तीरावर एक माणूस अडून बसलाय, काही केल्या मागे यायला तयार नाही. दादानं गाडीचा रंगसुद्धा विचारला नाही. “तो माझा भाऊ,” म्हणाला आणि बोटीत चढला.

सहा वर्षांनी तो माझ्याशी पहिला शब्द बोलला तो असा: “उतर.”

“जमवतो मी.”

“सुध्या, उतर.”

मी उतरलो. दादानं खिडकीबाहेर मान काढली, एका हातानं चाक धरलं आणि अठरा फुटांची गाडी एका दमात बोटीत नेऊन ठेवली. म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मी मुकाट्यानं दादाच्या शेजारी जाऊन बसलो.

“एवढ्या बॅगा कुणाच्या?” त्यानं आरशात बघत विचारलं.

“तुझ्या.”

“रिकाम्या आहेत?”

“भरायच्या तू.”

बोट सुटली. नदी निळी, रुंद, मधोमध नुसता वारा. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. मनात दहा वेळा घोकलं, पण तोंड उघडलं की आवाजच फुटेना. नलूनं मागच्या सीटवरून पाठीत गुडघा टोचला. मी खोकलो. दादानं माझ्याकडे बघितलं. मी “वारा आहे” म्हणालो. दहा मिनिटांत नदी संपली, आणि वाक्य तसंच राहिलं.

गाडी सरळ उतरली आणि कस्टमच्या खिडकीपाशी थांबली. तरुण कॅनडियन अधिकाऱ्यानं वाकून विचारलं, “एनीथिंग टू डिक्लेअर?” म्हणजे, जाहीर करण्याजोगं काही आणलंय का?

आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, खणखणीत आवाजात: “येस सर! इट वॉज माय फॉल्ट. आय ॲम सॉरी!”

 अधिकाऱ्यानं माझे ओले डोळे बघितले, चार रिकाम्या बॅगा बघितल्या, आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून असा हसला की अधिकाऱ्याला त्याचाही संशय आला. हसता हसता त्यानं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

लोक भावाची माफी मागतात ती चार भिंतींत, दोघंच असताना. मी मागितली ती कॅनडा सरकारची! दादानं ती तिथल्या तिथे स्वीकारली. सरकारला मात्र पाऊण तास लागला.