धरून ठेवणाऱ्या पेशी

गंगाखेडच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता दूरच्या शहरात कॅन्सरच्या संशोधनात आहे. मागच्या वर्षी तिचा फोन आला. एका नव्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू व्हायची होती आणि रुग्णांना वाचायला द्यायचं संमतीपत्र मराठीत हवं होतं.

"मॅडम, आमच्याकडं झालेलं भाषांतर मलाच कळंना."

मी चार दिवस बसून नवं केलं. 'प्रतिकारशक्तीचे दमन करणाऱ्या पेशींना लक्ष्य करणारी एकवंशी प्रतिपिंडे' हे वाक्य जमल्यावर मला बरंच समाधान वाटलं.

तेव्हा आत्या आमच्याकडे राहायला होती. कितीतरी हंगाम तिनं ऊसतोडीत काढलेले. आता स्तनाच्या कॅन्सरवर उपचार चालू होते आणि केमोच्या सलाईनसाठी आम्हाला परभणीला जावं लागे. ती शेंगा फोडत बसली होती. मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं.

"आता मानसाच्या बोलीत सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांनी आपल्याच अंगावर उठू नये म्हणून त्यांना आवरणाऱ्याही असतात. कॅन्सरच्या गाठीभोवती या आवरणाऱ्या जमतात आणि लढणाऱ्यांना हलू देत नाहीत. हे औषध त्यांना नेमकं ओळखून चिकटतं आणि बाजूला करतं.

आत्या म्हणाली, "टोळीत भांडण लागलं की दोघं-चौघं मधी पडून धरून ठेवत्यात, तसं. पण उसाच्या फडात साप निघाला तरी धरूनच ठेवलं, तर मारनार कोन?"

"बरोबर तसंच."

"आन् धरनारे समदेच काढले, तर भांडनं न्हाई का लागनार?"

दुष्परिणामांचं पान मी तिला अजून वाचूनही दाखवलं नव्हतं. मोकळ्या सुटलेल्या पेशी आपल्याच अंगावर उठून आतड्याला, कातडीला सूज येऊ शकते, असं तिथं लिहिलं होतं. ती बोलली तेच ते.

मग तिनं विचारलं, "मला मिळंल का गं हे?"

मी इतके दिवस शब्द शोधत होते. ती हे विचारील, असं एकदाही मनात आलं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई आत्या. तुझ्या आजाराला न्हाई हे. आन् ज्यांना देतील, त्यांनाबी गुण येईलच असं न्हाई. आधी सोसतंय का, तेवढंच बघायलेत."

तिनं दोन-चार शेंगा फोडल्या. "मंग हेच पयलं लिही. आजारी मानूस कागद ऐकताना आपल्याच जिवाचं ऐकतंय."

गुण येईलच असं नाही, हे शेवटच्या पानावरचं वाक्य मी पहिल्या पानावर आणलं. चाचणीचे कागद तपासणाऱ्या तिकडच्या समितीनं अवघड शब्द कंसात ठेवायला लावले, पण आत्याच्या बोलण्यावरून मी घातलेलं 'धरून ठेवणाऱ्या पेशी' तसंच राहू दिलं.

पुढच्या सलाईनला एसटीत आत्या खिडकीशी बसली होती. औषधानं तिची बोटं बधिर झाली होती, ती मी चोळत होते.

"पयल्यांदा घेनाऱ्यांला लय भ्या वाटत असंल, न्हाई?" ती म्हणाली.

"वाटत असंल."

"त्यांच्यासंगं कुनी बसतंय का?"

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी विद्यार्थिनीला फोन करून तेवढं विचारून घेतलं.