आत्याची खूण

माणूस पहिल्यांदा बोलायला का लागला, यावर माझा नवरा तासभर तोंडाची वाफ दवडू शकतो. शिकार, विस्तव, काय काय! मला विचाराल, तर मी माझ्या आत्याचं सांगेन.

आत्याचा जन्म यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला. तिथल्या खडखडाटानं तिचे कान गेले. तिच्याशी भांडायचं, तर मला शेडमधल्या खुणा शिकणं भाग होतं.

तिथं घसा फोडला तरी शेजारणीला ऐकू जायचं नाही, म्हणून बायांनी हातांवर भागवलं. धागा तुटला, माग थांबव, मुकादम आला, बस्स. माणसाला खूण नव्हतीच. समोर असायची ना सगळी, बोट दाखवलं की झालं!

मग एकदा आडवा धागा नेणारा लाकडी धोटा मागावरून उडाला आणि शेजारच्या बाईच्या कपाळात बसला. ती गेलीच. रजेवरून आलेल्या एकीनं तळवा उलटा करून विचारलं, ती कुठंय? आत्यानं बोट उचललं, पण दाखवणार कुठं? त्या बाईला कानाची पाळी ओढायची सवय होती. आत्यानं स्वतःची पाळी ओढली.

"सगळ्यांच्या माना तिच्या मागाकडे वळल्या," आत्या सांगायची. "ती आली होती गं. मी बोलावली."

तेव्हापासून शेडमध्ये कालच्या गोष्टी निघाल्या, उद्याच्या निघाल्या, मुकादमाच्या बायकोच्याही! जी नसेल तिची खूण ठरायची. आत्यानं कधी रजाच घेतली नाही, म्हणून तिची तेवढी राहिली.

अंथरुणाला खिळल्यावर तिनं तेच धरलं. "मला खूण दे. नाहीतर बोलावशील कशी?"

"तूच ठरव ना!" मी हातवारे केले.

"अगं, स्वतःची कुणी करतं का?"

"अभद्र बोलू नकोस," म्हणून मी चिडले. खरं तर मला सुचत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. ती खुणेची वाट बघतच गेली. फार वाईट वाटतं मला त्याचं.

महिन्याभरानं तिची शेडमधली मैत्रीण आली, तीही ठार बहिरी. तिला काहीच कळलं नव्हतं. तिनं तळवा उलटा केला.

माझा हात आपसूक पुढं झाला आणि त्यानं तिच्या खांद्यावरून नसलेला धागा चिमटीत उचलला. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावरचे धागे अशीच टिपायची, आणि मी तिचा हात झिडकारायचे.

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. मग ती माझ्या मागे, आत्याच्या खाटेकडे बघू लागली.

मागे वळायचा मला धीर झाला नाही. पुटपुटले, "आलीस ना? बस गं आत्या."